पावडर लेझरखाली ठेवायच्या आधी: लिब्स करताना आम्ही काय काय चुकलो आणि आता कसं करतो

जूनच्या पहिल्या आठवड्यात, ऐन पेरणीच्या तोंडावर, माझे काका एक किलोची पांढरी थैली घेऊन थेट लॅबमध्येच आले. झिंक सल्फेट होतं. "हे पाय बरं बापू तुया मशिनीत, याच्यात जस्त हाय का नुसतं मीठच हाय, मले त दुकानदारानं सांगतलं का एक नंबर माल हाय." आमचं कॉलेज तालुक्याचं, वणीच्या बाजूला, एका अंगाला कोळशाच्या खाणी अन् दुसऱ्या अंगाला पऱ्हाटीचे वावरं, आणि फिजिक्सच्या मागच्या खोलीत एका प्रोजेक्टमधून आलेला एनडी-याग लेझर आणि एक स्पेक्ट्रोमीटर. त्याच्यावर चार वर्षं झाले मी माती, राख, खत, चुना, जे काही पावडर म्हणून मिळते ते सगळं मारून बघतोय. इतके लोक विचारतात म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. गंमत अशी की विचारणारा प्रत्येक जण लेझरबद्दल विचारते, किती मिलिजूल, कोणती कंपनी, केवढ्याला पडला, आणि पावडरचं काय केलं हे कोणी विचारतच नाही. लेझर बटण दाबलं की चालते हो. खरी मेहनत खलात आणि प्रेसवर आहे.

ज्यांना लिब्स (लेझर-इंड्यूस्ड ब्रेकडाउन स्पेक्ट्रोस्कोपी) म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. लेझरचा एक छोटा पल्स, आमच्याकडे ८ नॅनोसेकंदाचा आणि ५० मिलिजूलचा, तो लेन्सनं केसाच्या जाडीच्या एक-दोन पट एवढ्याशा जागेवर आणायचा. ५० मिलिजूल म्हणजे तसं काहीच नाही, पण ते ८ नॅनोसेकंदात आलं की तेवढ्या क्षणापुरती पॉवर सव्वासहा मेगावॉट होते, म्हणजे वावरातले ५ एचपीचे दीड हजारावर पंप एकदम चालू केल्यासारखं. तिथला कणभर पदार्थ वाफ होऊन जाते आणि त्याची प्लाझ्मा, म्हणजे विजेचा भार आलेला वायू, बनते, दहा हजार केल्विनच्या वर तापलेली, सूर्याचा पृष्ठभाग ५८०० च्या आसपास आहे त्याच्याशी ताडून बघा. ती ठिणगी थंड होताना प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश सोडते, स्पेक्ट्रोमीटर ते रंग वेगळे करते, रेघ कुठं आली यावरून कोण आहे ते कळते आणि किती उंच आली यावरून अंदाजे किती आहे ते. लेझर आला १९६० मध्ये आणि १९६२ मध्येच लोकांनी लेझरच्या ठिणगीचा स्पेक्ट्रम काढून दाखवला होता, म्हणजे आयडिया जुनीच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या प्रज्ञान रोव्हरनं चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ गंधक आहे म्हणून सांगितलं ते याच पद्धतीनं, आणि चंद्रावरची माती म्हणजे पण पावडरच, पण तिथं पावडर दाबून तिची टिकडी करून द्यायला कोण बसलंय, तसाच शॉट मारावा लागते. आपल्याला तशी मजबुरी नाही, म्हणून आपण टिकडी दाबायची.

टिकडी कशाला, तशीच पावडर ठेवली तर काय बिघडते? मी ठेवली होती ना. पहिल्या वर्षी औष्णिक केंद्राची राख काचेच्या पेट्री डिशमध्ये पसरवली आणि १० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १०, शॉट सुरू केले. प्लाझ्मा फुगताना एक शॉकवेव्ह निघते, ती सुटी पावडर उडवते, आपण परातीतल्या पिठावर फुंकर मारतो ना तसंच. पहिल्या शॉटला मस्त रेघा, तिसऱ्याला निम्म्या, सातव्या-आठव्याला खड्डा एवढा खोल गेला की फोकस हवेत लटकला. वर धुळीचा ढग, पुढचा पल्स त्या ढगातच फुटायला लागला, सॅम्पलपर्यंत पोचेचना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे राख लेन्सवर बसली, तिच्यावर लेझर गेला, लेन्सच्या कोटिंगला काळे ठिपके पडले. ती लेन्स अजून माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. सुटी पावडर मारायचीच असेल तर दोन बाजूनं चिकटणाऱ्या टेपवर पातळ थर पसरवा, जास्तीची झटकून टाका, एका जागी एकच शॉट मारा आणि पुढं सरका. पण आधी कोऱ्या टेपवर शॉट मारून टेपचा स्वतःचा स्पेक्ट्रम घेऊन ठेवा, टेपमध्ये पण काय काय भरलेलं असते. याच्यातून कोण कोण आहे एवढंच कळते, किती आहे ते विसरा.

सॅम्पल आणताना

मातीचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त मातीच येते. वावरात नागमोडी चालत १०-१५ ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा करा, १५-२० सेंटिमीटर खोल, कडेची एक फाक घ्या, बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची नको. सगळी एकत्र कालवून, गोल पसरवून, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन फेकायचे, परत कालवायची, परत चार भाग, अर्धा किलो उरेपर्यंत. हे कृषीवाले पण सांगतात तेच आहे, नवीन काही नाही.

नवीन आहे ते भांड्याचं. दुसऱ्या वर्षी आमच्याच वावरातल्या मातीत मला झिंकच्या रेघा दिसल्या, ४६८.०, ४७२.२ आणि ४८१.१ नॅनोमीटर तरंगलांबीवर, तिन्ही जागेवर, ठळक. आमच्या सेटअपवर साध्या मातीतलं झिंक दिसतच नाही, ते शंभरापेक्षा कमीच पीपीएम (दहा लाखात तेवढे भाग) असते आणि आमची नजर तेवढी बारीक नाही. तरी मी खूश, सरांना दाखवलं, आमच्या वावरात झिंकची कमी नाही म्हणून घरी पण सांगून मोकळा. मग आठवड्यानं लक्षात आलं की बाकी सगळ्यांची माती प्लास्टिकच्या टोपल्यात आली होती आणि आमची बाबांनी पत्र्याच्या बादलीत आणली होती. पत्र्याची बादली म्हणजे गॅल्वनाइज्ड, म्हणजे वरून जस्ताचाच मुलामा, आणि ती खुरप्यानं खरवडून माती काढलेली. परत प्लास्टिकमध्ये आणली, तिन्ही रेघा गायब. तेव्हापासून माझा नियम आहे की ठळक रेघ दिसली की आधी खूश नाही व्हायचं, आधी ती कुठून कुठून फिरून आली ते विचारायचं. खुरपं चालते पण ज्या मातीला लोखंड लागलं ती कडेची माती काढून टाका, भरायला प्लास्टिकची पिशवी.

वाळवणं आणि कुटणं

माती सावलीत वाळवून मग ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला दोन तास, आणि वजन दोनदा सारखं येईस्तोवर. आपली काळी माती पाणी धरून ठेवण्यात वस्ताद, वरून कोरडी दिसते आणि आत ओल असते, आणि ती ओल लेझरची ताकद खाऊन टाकते, रेघा खाली येतात आणि ६५६.३ ला हायड्रोजनची रेघ डोकं वर काढते. ओव्हनमधून काढली की डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल न येऊ देणाऱ्या झाकणाच्या भांड्यात, खाली निळं सिलिका जेल, गुलाबी झालं की परत तापवा. जुलैमध्ये आमच्या इथं उघडी ठेवलेली माती चहा पिऊन येईपर्यंत परत ओल पकडते. आणि उन्हाळ्यात वेगळाच ताप, नवतप्यात लॅबमध्ये वाळ्याचा कूलर लावला नाही तर माणूस टिकत नाही आणि लावला तर सॅम्पल टिकत नाही. आम्ही कूलर व्हरांड्यात हलवला आणि प्रेसचं काम सकाळी आठच्या आत उरकतो.

कुटायचं अगेटच्या, म्हणजे अकीक दगडाच्या, खलात. घरचा पितळी खलबत्ता आणाल तर तांबं आणि जस्त फुकटात मिळेल, मिक्सरच्या स्टीलच्या भांड्यात फिरवाल तर लोखंड आणि क्रोमियम. चाळणी पण बघून घ्या, बाजारातल्या टेस्टिंगच्या चाळण्या बहुतेक पितळेच्या येतात, तांबं-जस्त मोजायचं असेल तर नायलॉनची जाळी वापरा. २०० मेशमधून, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या खाली, सगळी गेली पाहिजे. सगळी म्हणजे सगळी, वर राहिलेली फेकायची नाही, परत कुटायची, कारण वर राहते ते बहुतेक गारगोटीचे कण आणि चुनखडीचे खडे, ते फेकले की तुमची माती बदलली.

एवढं बारीक कशाला याचं उत्तर स्पॉटमध्ये आहे. लेझरचा ठिपका १०० ते २०० मायक्रॉनचा, आणि एका शॉटला उडणारा माल नॅनोग्रॅम ते फार तर मायक्रोग्रॅम. कण मोठे असतील तर एक शॉट गारगोटीवर पडेल, दुसरा चुन्यावर, तिसरा चिकणमातीवर, आणि तुम्ही म्हणाल मशीन चुकीचं दाखवते. भातात एखादा खडा लागला म्हणून सगळं पोतं खड्याचं होत नाही ना. दोन सॅम्पलच्या मधात खलात थोडी शुद्ध गारगोटीची वाळू फिरवून फेका, मग अल्कोहोलनं पुसा. आणि मास्क लावा, राखेत आणि मातीत सिलिका असते, फुफ्फुसात गेली की निघत नाही.

टिकडी दाबणं

१३ मिलिमीटरचा डाय, म्हणजे टिकडीचा साचा, तोच जो केमिस्ट्रीवाले इन्फ्रारेडच्या टिकड्यांसाठी वापरतात, त्यांच्याकडून मागून आणा पण धुऊन परत द्या, आमची दोस्ती एकदा याच्यावरून तुटता तुटता राहिली. ६०० ते ७०० मिलिग्रॅम पावडर टाकायची, डाय हातात धरून टेबलावर हळू हळू ठोकायचा म्हणजे पावडर सपाट बसते, वरचा पिस्टन सोडायचा आणि बोटानं अर्धा फेरा फिरवायचा, फिरताना कुठं करकर लागली तर पावडर एका बाजूला बसली समजा. मग प्रेसखाली. आधी एक टन, अर्धा मिनिट थांबा, आतली हवा निघू द्या. मग ५ ते ७ टन, दोन-तीन मिनिटं. मग प्रेशर सोडा, आणि इथंच सगळे घाई करतात, व्हॉल्व्ह एकदम उघडला की अडकलेली हवा फुगते आणि टिकडीचं वरचं झाकण पापडासारखं सुटून येते. व्हॉल्व्ह पाव फेरा, काटा शून्यावर येईपर्यंत वाट बघा, मग बाकीचा. चांगली टिकडी डायमधून निघताना एक बारीक टक् आवाज होते आणि तिच्या पृष्ठभागावर पिस्टनची चमक उतरलेली असते, काळ्या मातीची तर पाटीसारखी चमकते. कडा भुरभुरत असेल तर ती परत खलात टाका, जीव लावू नका.

काळ्या मातीला बहुतेक काहीच मिसळावं लागत नाही, तिच्यातली चिकणमातीच तिला धरते. राखेचं उलट. फ्लाय अॅश म्हणजे काचेच्या बारीक गोट्या, मायक्रोस्कोपखाली बघा एकदा, गोट्या एकमेकीला धरणार कशा. तिथं बाइंडर, म्हणजे कण धरून ठेवणारी पावडर, लागते, वजनाच्या १० ते २० टक्के. आम्ही मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज वापरतो. स्टार्चनं पण जमते, पॉलिव्हिनिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकून वाळवून पण जमते. पोटॅशियम ब्रोमाइड खूप जण सांगतात कारण ते लॅबमध्ये पडलेलंच असते, पण ते ओल खेचते आणि पोटॅशियम मोजायचा विषयच संपतो, ७६६.५ आणि ७६९.९ च्या रेघा छताला टेकतात. सेल्युलोज टाकलं की कार्बन येणार, २४७.९ ला रेघ आणि ३८८ च्या जवळ सायनोजेनचा पट्टा, तो कार्बन आणि हवेतला नायट्रोजन मिळून बनते. म्हणजे राखेत न जळलेला कोळसा किती आहे हे बघायचं असेल तर सेल्युलोज चालणारच नाही, आणि तिथं कार्बनची २४७.९ ची रेघ लोखंडाच्या रेघेत मिसळते ते वेगळंच दुखणं. कोणतं पण बाइंडर घ्या, प्रमाण मात्र स्टँडर्डमध्ये (ज्याच्यात किती काय आहे ते आधीच माहीत आहे ती टिकडी) आणि सॅम्पलमध्ये एकच ठेवा, वजनकाट्यावर मोजून.

आणि टिकडीला बोट लावू नका. आमच्याकडे मे महिन्यात हाताला घाम सुटतो, घामात सोडियम, आणि सोडियमची ५८९ ची जोडी एवढी हळवी आहे की एका बोटाच्या ठशानं नाचायला लागते. प्लास्टिकचा चिमटा घ्या. एका सॅम्पलच्या तीन टिकड्या करा, एक कधीच नको.

लेझर चालू करायच्या आधी

इथं मस्करी नाही. १०६४ नॅनोमीटरचा लेझर डोळ्याला दिसत नाही, आणि चमकदार टिकडीवरून, चिमट्यावरून, घड्याळाच्या काचेवरून परत आलेला किरण डोळ्यात गेला तर पडद्याला भोक पडते आणि दुखत पण नाही, म्हणून कळत पण नाही. १०६४ साठीचाच गॉगल, ओडी (किरण किती अडवते त्याचा आकडा) ५ च्या वरचा, हिरव्या लेझरचा गॉगल इथं काही कामाचा नाही. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. दाराला आतून कडी. आम्ही सॅम्पलभोवती अॅल्युमिनियमची काळी पेटी केली आहे गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून, आणि तिला बाजूनं कॉम्प्युटरचा जुना पंखा लावून धूळ बाहेर ओढतो, पाइप खिडकीबाहेर, मधात फिल्टर. शिसं किंवा मँगनीजची पावडर मारत असाल तर हा पंखा ऐच्छिक नाही.

लेझर अर्धा तास तापू द्या. लाइट गेली की परत अर्धा तास, म्हणून लोडशेडिंगचं टाइमटेबल बघूनच सॅम्पल लावा आणि स्टॅबिलायझरशिवाय चालवू नका, व्होल्टेज हललं की पल्सची ताकद हलते आणि तुम्हाला वाटते मातीच हलली.

फोकस अगदी पृष्ठभागावर नको, दोन-तीन मिलिमीटर आत ठेवा. बरोबर पृष्ठभागावर किंवा वर ठेवला तर हवाच फुटते आणि नायट्रोजन-ऑक्सिजनचाच स्पेक्ट्रम घेऊन बसता. सगळ्या टिकड्यांची उंची सारखी पाहिजे, अर्ध्या मिलिमीटरनं पण फरक पडते, आम्ही बाजूनं एक साधा लाल लेझर पॉइंटर तिरका लावलाय, त्याचा ठिपका खुणेवर आला की उंची बरोबर. लेन्ससमोर क्वार्ट्झची एक पातळ चकती लावा, धूळ तिच्यावर बसू द्या, ती स्वस्त आहे, लेन्स नाही.

ठिणगी पडल्या पडल्या पहिल्या काहीशे नॅनोसेकंदात नुसता पांढरा उजेड असतो, त्याच्यात सगळ्या रेघा बुडून जातात. म्हणून स्पेक्ट्रोमीटरला थोडं उशिरा उघडायचं, १ ते १.५ मायक्रोसेकंद डिले. आयसीसीडी, म्हणजे क्षणात उघडबंद होणारा, कॅमेरा असेल तर ५-१० मायक्रोसेकंदात बंद पण करता येते. आमच्यासारखा साधा असेल तर तो कमीत कमी एक मिलिसेकंद उघडाच राहते, काही हरकत नाही, ठिणगी तोवर विझूनच जाते, फक्त डिले नीट लावा. डिले वाढवत वाढवत पाच-सहा स्पेक्ट्रम घ्या आणि जिथं मागचा उजेड खाली गेला पण रेघ अजून जिवंत आहे तिथं थांबा, हे प्रत्येक सेटअपचं वेगळं असते, माझा आकडा कॉपी करू नका.

वेव्हलेंथ बरोबर आहे का हे तपासायला मर्क्युरी-आर्गॉनचा दिवा असतो, नसेल तर फायबरचं टोक जुन्या ट्यूबलाइटकडे धरा, ४३५.८ आणि ५४६.१ ला पाऱ्याच्या रेघा बरोबर येतात. एलईडी ट्यूब नाही चालत. आमच्या स्टाफरूममधली शेवटची जुनी ट्यूब मी एलईडीवाल्याला काढू दिली नाही याचं कारण हेच आहे, प्राचार्यांना अजून वाटते मला त्या उजेडाची सवय आहे.

शॉट मारणं तसं कंटाळवाणंच. १ हर्ट्झ, जास्तीत जास्त २, धूळ खाली बसायला वेळ द्या. एका जागी चार शॉट, पहिला फेकायचा कारण तो वरची घाण साफ करते, पुढचे तीन ठेवायचे, मग एक मिलिमीटर सरकायचं. एका टिकडीवर ६० जागा सहज बसतात. कडेपासून दीड मिलिमीटर लांब राहा, नाहीतर कड तुटते.

रेघा वाचणं

ग्राफवर जे उंच टोक येते त्याला आम्ही पण पीकच म्हणतो, आणि काका मागे उभे राहून मी "पीक चांगलं आलं" म्हटलं की हसतात.

कोणतं पण मूलद्रव्य एका रेघेवरून जाहीर करू नका. दोन-तीन रेघा जागेवर दिसल्या पाहिजेत. एनआयएसटी या अमेरिकन संस्थेचा रेघांचा डेटाबेस ऑनलाइन फुकट आहे, तो उघडा ठेवून बसा. काळ्या मातीत कॅल्शियमची ३९३.४ आणि ३९६.८ ची जोडी आपली खूणगाठ, आमच्या मातीत चुनखडी एवढी की ती जोडी दिसली नाही तर लेझर बंद आहे समजा. तिच्याच मधात अॅल्युमिनियम बसलेलं, ३९४.४ आणि ३९६.२, दुसरी रेघ कॅल्शियमच्या अंगाला लागून असते म्हणून पहिली घ्या. सिलिकॉन २८८.२ ला. लोखंड म्हणजे तर जंगल, कुठं पण हात घाला लोखंडाची रेघ सापडते, आणि म्हणूनच तुम्हाला जे पाहिजे ते तिथं "सापडते" पण.

एक उदाहरण देतो. भंडाऱ्याकडून, तुमसरच्या बाजूची मँगनीजच्या खाणीजवळची माती आली होती, आणि ती घेऊन आलेल्या पोराला ४०५.८ ला शिसं दिसलं. घाबरला बिचारा. पण मँगनीजच्या रेघा ४०५.६ आणि ४०५.९ ला आहेतच, साध्या स्पेक्ट्रोमीटरवर त्या सगळ्या एकात एक मिसळतात, आणि त्या मातीत मँगनीज असणार हे सांगायला लेझर कशाला पाहिजे. शिशाच्या दुसऱ्या रेघा शोधल्या, ३६८.३ ला काहीच नाही. शिसं नव्हतंच.

दुसरं म्हणजे खूप ठळक रेघेवर आकडा काढू नका. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमची ती ३९३ ची, या एवढ्या तेज असतात की प्लाझ्माच्या बाहेरचा थंड थर स्वतःचाच उजेड गिळते, रेघेचं डोकं चपटं होते, कधी मधात खाच पडते. प्रमाण दुप्पट झालं तरी उंची वाढत नाही. कॅल्शियमसाठी ६१२.२ किंवा ६१६.२ सारखी मवाळ रेघ घ्या.

आकडा काढायचा असेल तर

तर तुमच्याच मातीत तुम्हालाच स्टँडर्ड बनवावं लागते. शुद्ध वाळूत झिंक मिसळून काढलेली ग्राफची रेषा काळ्या मातीला लावली तर उत्तर चुकणारच, कारण माती बदलली की ठिणगी बदलते, यालाच मॅट्रिक्स इफेक्ट म्हणतात आणि लिब्सचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. आम्ही असं करतो: १० ग्रॅम कुटलेल्या मातीत १२.५ मिलिग्रॅम झिंक ऑक्साइड. झिंक ऑक्साइडमध्ये ८० टक्के झिंक, म्हणजे १० मिलिग्रॅम, म्हणजे १००० पीपीएम. पण १२.५ मिलिग्रॅम एकदम १० ग्रॅममध्ये टाकून ढवळलं तर ते कधीच सारखं मिसळणार नाही, आधी तेवढीच चिमूटभर माती घेऊन खलात घोटा, मग त्याच्याएवढी अजून, मग दुप्पट, आपण उडीद-मोठाचं पीठ भिजवताना पापडखार मुरवतो ना तसं. मग त्यातली अर्धी घेऊन तेवढीच साधी माती, ५००. परत, २५०. परत, १२५. आणि एक कोरी. पाच टिकड्यांचे पाच ठिपके ग्राफवर, झिंकच्या ४८१.१ च्या उंचीला सिलिकॉनच्या किंवा पूर्ण स्पेक्ट्रमच्या बेरजेनं भागा म्हणजे लेझरचं वरखाली होणं बरंचसं कटते. ठिपके सरळ रेषेत आले तर छान. नाही आले तर बहुतेक वेळा मिसळण्यात चूक असते, लेझरमध्ये नाही.

आता शेतकऱ्यांना जे सांगावं लागते ते. लिब्स मातीतलं एकूण सांगते, पिकाला मिळणारं नाही. झिंकची कमतरता बघतात ती डीटीपीए नावाच्या रसायनाच्या द्रावणात सुटणाऱ्या झिंकवरून, ०.६ पीपीएमच्या खाली गेलं की कमी. ०.६ कुठं आणि माझा १२५ चा सगळ्यात खालचा ठिपका कुठं. मातीपरीक्षणाचा कागद पाहिजे असेल तर माती प्रयोगशाळेतच द्या. नायट्रोजन पण मला विचारू नका, हवेतच तो भरलाय, आणि पीएच तर लेझरला कळतच नाही.

काकांची थैली

पण खत म्हटलं की लिब्सचा हात कोणी धरत नाही, कारण तिथं पीपीएम नाही, टक्के असतात. झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट (सात रेणू पाणी धरलेलं) म्हणजे २१ टक्के झिंक, मोनोहायड्रेट (एकच रेणू पाणी धरलेलं) म्हणजे ३३, खत नियंत्रण आदेशात ठरलेलं आहे. आणि त्यात भेसळ करायची तर सगळ्यात सोपं मॅग्नेशियम सल्फेट, तेवढंच पांढरं, तसेच दाणे, स्वस्त.

हे ओव्हनमध्ये १०५ ला टाकू नका, मी टाकलं होतं, ते आपल्याच पाण्यात भिजून वाटीला चिकटून बसलं. नुसतं कुटा, लगेच दाबा, मिठासारखे दाणे असल्यामुळं बाइंडर लागत नाही, ४-५ टनात काचेसारखी टिकडी होते. डाय लगेच धुऊन पुसून तेल लावा, सल्फेट रात्रभर राहिलं तर सकाळी गंज. शुद्ध झिंक सल्फेट आणि शुद्ध मॅग्नेशियम सल्फेट केमिस्ट्रीतून आणून १००:०, ८०:२०, ६०:४०, ४०:६० अशा टिकड्या केल्या. झिंकची ४८१.१ आणि मॅग्नेशियमची हिरवी ५१८.४, दोघींच्या उंचीचा भागाकार. एकाच ठिणगीतल्या, जवळजवळच्या दोन रेघा, त्यामुळं शॉट कमी-जास्त झाला तरी भागाकार फार हलत नाही. मॅग्नेशियमच्या २८० आणि २८५ च्या रेघा घेऊ नका, त्या चपट्या होतात.

काकांच्या टिकडीत झिंकच्या तिन्ही रेघा होत्या, पण बारक्या. आणि ५१६.७, ५१७.३, ५१८.४, मॅग्नेशियमची हिरवी त्रिकूट, तिथं ताडासारखी उभी. आमच्या रेषेवर बसवलं तर माल अर्ध्याच्या वर मॅग्नेशियम सल्फेट. तीन टिकड्या, तिन्हीत तेच.

खरं सांगायचं तर एवढ्यासाठी लेझर लागतच नाही. पाण्यात विरघळवा, कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंब थेंब टाका, पांढरा साका बसेल, अजून टाकत राहा, झिंकचा साका परत विरघळतो, मॅग्नेशियमचा तसाच राहतो. हातमोजे घालून, डोळे सांभाळून. काकांना दोन्ही करून दाखवलं, त्यांना ग्राफपेक्षा ग्लासातला साका जास्त पटला.

"मंग म्या आता का करू?" बिल सांभाळून ठेवा म्हटलं, उरलेली थैली शिवून ठेवा, आणि पंचायत समितीत खत निरीक्षकाकडे तक्रार द्या, ते दुकानातून स्वतः नमुना घेतात आणि तो सरकारनं ठरवलेल्या प्रयोगशाळेत जातो, माझ्या लॅबच्या कागदाला तिथं किंमत नाही. काकांनी तसं केलं. जाताना भोकं पडलेली एक टिकडी निरीक्षकाला दाखवतो म्हणून शर्टच्या खिशात टाकून घेऊन गेले, आणि दोन दिवसांनी काकूचा फोन, खिशात पांढरं पांढरं का लागलं हाय, निघते का नाई ते सांग. निघते म्हटलं, पाण्यात विरघळते ते, पण ते पाणी तुळशीला टाकू नका.